मंगलपुढे ठेवलेला विडा

हे मी कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही — तो बिचारा शेवटपर्यंत मला भोळी समजत राहिला. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी हळूच बाजूला सारत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा — सातारा-सांगलीकडचे असाल तर ओळखतही असाल, आणि मग तर जीभ आणखीच जड होते. असो. तोंड उघडलं आहे, आता मिटणार नाही.

पण आधी आनंदाचं सांगू का? कारण तो आनंद खोटा नाही. आमचा ‘विडा’ परत सुरू झाला! जो कार्यक्रम मेला म्हणून सगळ्यांनी हात धुतले होते, तो कोरेगावच्या हॉलमध्ये उठून उभा राहिला, आणि असा उभा राहिला की खुर्च्या कमी पडल्या, माणसं खिडक्यांत बसली, बाहेर रस्त्यावर मोबाइल धरून घोळके जमले. मी स्टेजवर माइक घेऊन उभी. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे — पण आवाज तोच, हो! पहिल्या रांगेतल्या एका आजींनी बोटं कानशिलावर मोडली, तेव्हा मला वाटलं, आता मरायलाही हरकत नाही.

ज्यांना ‘विडा’ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केबलच्या जमान्यात दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी हाच कार्यक्रम लागायचा. साताऱ्याच्या बायकांचा एक संघ, सांगलीच्या बायकांचा एक. आधी कोडी, मग ओव्या, आणि शेवटी उखाणे. त्या शेवटच्या फेरीत मी तबक घेऊन फिरायचे. तबकात लवंग टोचलेला पानाचा विडा. तो मी प्रत्येक संघातल्या एकीपुढे ठेवायचा, आणि जिच्यापुढे ठेवला तिनं तो उचलून जागच्या जागी नवऱ्याचं नाव घ्यायचं. कुणापुढे ठेवायचा ते मी ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. आणि पुढ्यात आलेला विडा नाकारायचा नाही — हे तुम्हाला काय सांगायला हवं? आपल्याकडे विडा परत करणारी बाई घरी जाऊन तोंड दाखवू शकत नाही. मग प्रेक्षकांचे फोन यायचे, आणि कोण जिंकलं ते त्यावर ठरायचं.

सगळं थेट चालायचं. केबलचे मालक, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते म्हणत, “लाइव्ह म्हंजी तव्यावरची भाकरी. रेकॉर्डिंग म्हंजी शिळी. मी लोकांस्नी शिळं वाढत न्हाई.” चुकलं तर चुकलं, शिंक आली तर आली. एकदा स्टेजवर मांजर आलं, तेही सगळ्यांनी पाहिलं.

आणि नियम एकच होता, पण कडक होता. फक्त सवाष्णींनीच यायचं. कुंकू बघून आत घ्यायचो, म्हणा ना. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तरी वाटलं नाही.

पुढे डिश आली, मोबाइल आले, आबा गेले, कार्यक्रम गेला. मी सांगलीत नातवंडं सांभाळत बसले. तरी बाजारात कुणीतरी ओळखायचंच. आणि ओळखलं की दर वेळी एकच वाक्य यायचं — माझंच वाक्य — “कालच हळद उतरल्यागत लाजताय काय!” माणसं ते म्हणत आणि हसत. मीही हसायचे. माझं हसू किती वेळ टिकायचं, ते कुणी पाहिलेलं नाही.

ते वाक्य कुठून आलं, तिथंच तर मला जायचं आहे. आणि तिथंच जायला पाय उचलत नाहीत.

सांगलीतल्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. वीस-बावीस वर्षं झाली असतील. साताऱ्याच्या संघात मंगल नावाची एक बाई होती. रहिमतपूरच्या बाजूच्या एका गावची, माहेर माणदेशातलं, मेंढरं राखणारं. काळीसावळी, उंच, इरकली लुगडं नेसलेली. कोड्यांच्या फेरीत तिनं आमच्या सांगलीच्या बायकांना पाणी पाजलं. ओव्यांना बसली तर हॉलमधली पोरंसोरंसुद्धा गप्प. रानात मेंढरांमागं फिरून कमावलेला तो आवाज — त्याला माइक लागतच नव्हता. मी तिला जरा चिडवायला गेले, “तुम्ही सातारकरणी पेढे खाऊन येता काय हो, एवढं गोड बोलता ते?” तर ती लगेच म्हणाली, “आमी पेढं खातो म्हनून गोड हाय. तुमी काय हळद खाऊन आलाय व्हय? तोंड पिवळं पडलंय तुमचं!”

हॉल कोसळायचा बाकी राहिला. सांगलीचा हॉल, माझा हॉल, माझी माणसं — आणि शिट्ट्या तिच्यासाठी.

मग शेवटची फेरी आली, आणि मी विडा तिच्यापुढे ठेवला.

तिनं तबकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. विडा उचलला. तोंड उघडलं — आणि शब्दच फुटेना. लोकांना वाटलं, आता काहीतरी जबरदस्त येणार. काहीच आलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. ती गप्प, हॉल गप्प, कॅमेरा तिच्या तोंडावर. आणि मी — मी माइकवर म्हणाले, “आवं मंगलताई, कालच हळद उतरल्यागत लाजताय काय!”

हशा! टाळ्या! “लाजली, लाजली!” सांगली जिंकली. ती विडा तसाच मुठीत धरून स्टेजवरून उतरली.

त्या दिवसापासून ती ‘लाजाळू वहिनी’ झाली. लोकांना तिची कोडी आठवत नाहीत, ओव्या आठवत नाहीत. पदर तोंडाला लावून उभी राहिलेली बाई आठवते. जुन्या कॅसेटवरून कुणीतरी तेवढा तुकडा काढून मोबाइलवर फिरवला. लग्नाच्या ग्रुपवर तो येतो, मंगळागौरीच्या ग्रुपवर येतो, खाली हसरे चेहरे. माझ्या सुनेनं मला कौतुकानं दाखवला, तेव्हा मी चष्मा सापडत नाही म्हणाले.

तर — आबांची मुलगी प्राजक्ता. पुण्यातली नोकरी सोडून परत आली आणि म्हणाली, “काकू, आपण ‘विडा’ परत सुरू करायचा. टीव्हीवर, मोबाइलवर, सगळीकडे एकाच वेळी, अगदी लाइव्ह. माइक तुमच्याच हातात.” मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला कितीसा वेळ लागणार? चढले. मग तिनं नियम सांगितले. सवाष्ण-बिवाष्ण काही नाही. ज्याला यायचं त्यानं यावं — विधवा, बिनलग्नाची, पुरुषसुद्धा — आणि ज्याचं घ्यायचं त्याचं नाव घ्यावं. मी फणकारले. म्हटलं, मग विडा कशाला ठेवता, चहा-बिस्किटं ठेवा! ती हसली आणि तिनं आपलंच खरं केलं. आबांचीच पोर ती.

आणि मग म्हणाली, “पहिल्या कार्यक्रमाला लाजाळू वहिनी हवीच. लोक तिच्यासाठीच येतील.”

मी पुष्कळ फाटे फोडले. कुठं असेल कुणास ठाऊक, म्हातारी झाली असेल, येणार नाही. प्राजक्ता गाडी काढून गेली आणि परत आली ती उतरलेल्या तोंडानं. “काकू, तुम्हाला माहितीये का? त्या लाजल्या नव्हत्या हो. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना तेव्हाच टाकलं होतं. इचलकरंजीला मागावर कामाला गेला आणि तिथंच दुसरं बिऱ्हाड केलं. गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळं गाव टीव्हीपुढं बसलं होतं. कुणाचं नाव घेणार होत्या त्या? आणि आपण हसत होतो.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आपल्याला कुणाला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. लोक याला शोक समजतात, धक्का समजतात. बाई गप्प बसली की लोकांना जे हवं ते वाटतं — हे माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार?

आणि मंगल यायला तयार झाली होती! का, ते प्राजक्तालाही कळलं नव्हतं. “येते म्हनून सांग,” एवढंच म्हणाली होती.

तो शनिवार मी विसरणार नाही. खंडाळ्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी मिशीला पीळ देत, अर्ध्या हिंदीत, बायकोचं नाव घेतलं आणि सावधान स्थितीत उभे राहिले. बायको प्रेक्षकांत तोंड लपवून बसलेली. सांगलीच्या एका सुनेनं सासूचं नाव घेतलं, तर सासूबाई स्टेजवर चढून तिच्या गळ्यातच पडल्या. कुठल्या कुठल्या देशांतून आपली पोरं मोबाइलवर कार्यक्रम बघत होती आणि “लय भारी” म्हणून पाठवत होती. प्राजक्ता पडद्याआडून मला अंगठा दाखवत होती. मी हवेत होते. म्हटलं नाही का, तो आनंद खोटा नव्हता.

मंगल साताऱ्याच्या संघात शेवटच्या खुर्चीवर बसली होती. केस माझ्यापेक्षा काळे, पाठ ताठ. कपाळावर मोठी टिकली. कोड्यांच्या फेरीत पुन्हा तीच तऱ्हा — सांगलीचा संघ भुईसपाट. लोकांनी ओळखलं होतं. कुजबुज चालली होती, लाजाळू वहिनी, लाजाळू वहिनी.

शेवटच्या फेरीला मी तबक उचललं. मी ठरवून आले होते. तिच्यापुढे थांबायचंच नाही. मी सरळ पहिल्या खुर्चीकडे वळले, वाकले — आणि मागून आवाज आला. माइक नव्हता तिच्याकडे. लागतच नव्हता.

“ताई, हिकडं आना. त्यो विडा माजा हाय.”

मी तबक घेऊन गेले. तिनं विडा उचलला, उभी राहिली, पदर खांद्यावर सारखा केला — तोंडाला नाही, खांद्यावर — आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली:

“रानात माज्या घेवडा, बांधावर तूर,
गेला त्यो गेला, गेला लय दूर;
दोन लेकी शिकवल्या, जिकली मी दंगल —
कुनाचं बी न्हाई, नाव घेते माजं, मंगल!”

आणि विडा तोंडात टाकला. सगळ्यांसमोर. चावून चावून खाल्ला.

काय सांगू तुम्हाला! माणसं खुर्च्यांवर चढली. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला. बायका रडत होत्या आणि शिट्ट्या मारत होत्या, दोन्ही एकदम. ज्या हॉलला मी इतकी वर्षं हसवत आले, तो हॉल त्या बाईनं एका उखाण्यात उभा केला. सांगलीवाल्यांनीसुद्धा सातारला कौल दिला; असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आज तो जुना तुकडा कुणी पाठवला की लोक उत्तर म्हणून हा नवा पाठवतात. ‘लाजाळू वहिनी’ हे नाव पुसलं गेलं. ते तिचं तिनं पुसलं.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं, नाही? गोड शेवट. मलाही मोह होतो.

कार्यक्रम संपल्यावर ती मागच्या खोलीत आली. ओठ विड्यानं लाल. मी खुर्चीत बसले होते. तिनं माझे हात हातात घेतले — रानात काम केलेले खरखरीत हात — आणि म्हणाली, “ताई, तुमी मनाला लावून घिऊ नका. परजक्ता सांगत व्हती, तुमी लय गप गप झालाय. आवं, तुमास्नी काय ठावं व्हतं? ठावं असतं तर तुमी माज्याम्होरं विडा ठिवला असता व्हय?”

मी म्हणाले, “नाही हो, मंगलताई.”

ही एवढ्यातली चूक. आता जुनी सांगते.

त्या दिवशी, त्या जुन्या कार्यक्रमाआधी, मंगलची आई मला भेटली होती. मी मागच्या खोलीत गजरा माळत होते. ती दारात उभी राहिली, कडेवर मंगलची धाकटी. आत यायलाही कचरत होती. हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, एक सांगाया आलेय. तेवढा इडा माज्या लेकीम्होरं ठिवू नगा. तिचा मालक तिला नांदवत न्हाई. तिला गान्या-कोड्याचा लय नाद हाय, जरा मन रमंल म्हनून आनलीया. मी तुमास्नी सांगितलं ह्ये तिला कळू दिऊ नगा.” मी म्हणाले, “काळजी करू नका, मावशी. माझ्यावर सोडा.” त्या पोरीच्या हातावर मी खडीसाखरसुद्धा ठेवली.

मला माहीत होतं.

मग का? मी स्वतःला पुष्कळ काही सांगितलं आहे. लाइव्ह होतं, घाई होती, गडबडीत विसरले. विसरले नव्हते. सामना अटीतटीचा होता, सांगलीची अब्रू होती. सांगलीच्या अब्रूचं मला काय पडलं होतं? खरं कारण फार लहान आहे, म्हणून ते सांगायला लाज वाटते. ओव्यांची फेरी संपली, जाहिराती लागल्या, आणि आबा हसत हसत माझ्याजवळ येऊन म्हणाले, “ही बाई काय बोलती गं! फुडल्या येळंपास्नं हिच्याच हातात माइक देऊ या का?” थट्टेत म्हणाले. बहुतेक थट्टेतच. पण मला ठाऊक होतं की ते बरोबर बोलताहेत. ती माझ्यापेक्षा सरस होती. आवाजात, बुद्धीत, हजरजबाबीपणात, सगळ्यात. माझं पिवळं तोंड सगळ्या हॉलनं पाहिलं होतं. आणि माझ्या हातात तबक होतं.

मी चालत गेले. साताऱ्याच्या संघातल्या बाकी सगळ्या जणींना ओलांडून गेले. तिच्यापुढे थांबले. पडद्याच्या कडेला तिची आई उभी होती. तिनं मान हलवली, नको, नको म्हणून. मी ते पाहिलं. पाहून विडा ठेवला. आणि ती गप्प झाल्यावर, ते हळदीचं वाक्य मला ओघात सुचलं नव्हतं — हळदीच्या टोमण्याचं उट्टं मी काढत होते. लोक ज्याला गंमत म्हणतात, ती गंमत नव्हती. तो सूड होता.

तिच्या आईनं लेकीला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आपणच परक्या बाईजवळ घरचं बोललो हे लेकीला कळलं असतं. ती म्हातारी ते पोटात घेऊन गेली. मंगलनंच त्या खोलीत सांगितलं, आई जाऊन पाच-सहा वर्षं झाली म्हणून. आणि ते ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? सुटले. हेच आलं.

आता ‘विड्या’चा माइक मंगलच्या हातात आहे. मीच प्राजक्ताला सांगितलं, गुडघ्यांचं निमित्त करून. सगळे म्हणतात, काकूंचं मन केवढं मोठं! त्यात मोठेपणा काही नाही, माइक आधीपासूनच तिचा होता. ती आधी मागच्या खोलीत प्रत्येकीजवळ बसते, हळूच विचारते, “कुनाचं नाव घ्यायाचं मनात हाय? आनि न्हाई घ्यायाचं तर न्हाई,” आणि मगच तबक हातात घेते. खुर्च्या अजूनही कमी पडतात. मी पहिल्या रांगेत असते. टाळ्या वाजवते, आणि त्या मनापासून वाजवते.

हे छापून येईल तेव्हा तिच्या लेकी वाचतील, आणि तिलाही दाखवतील. कडेवर होती ती धाकटी आता कोरेगावात मास्तरीण आहे. तिला ती खडीसाखर आठवत नसणार. मंगल वाचेल, मग पुढच्या शनिवारी स्टेजवर जाईल, लवंग टोचून विडा तबकात ठेवेल आणि पहिल्या रांगेकडे बघेल. मी तिथंच बसलेली असेन.